बाहेरची साक्ष

मावशींच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मावशींनाही. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. खिडकीतल्या माणसानं विचारलेल्याचं उत्तर द्यायचं असतं. मावशी उत्तर द्यायच्याच, वर आपलाही एक प्रश्न विचारायच्या. सव्वादहाची गाडी कुठं लागते, असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "चार नंबरला. कोण आजारी आहे?" कारण त्या गाडीनं जाणारी निम्मी माणसं इस्पितळात निघालेली असायची. रांग खोळंबायची, मागचे कुरकुरायचे, पण पुढचा माणूस मात्र सगळं सांगून हलका होऊन जायचा. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, सवय सुटली नाही, आणि त्यांचं नाव चौकशीमावशी पडलं ते कायमचंच.

नुसतं विचारणं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण मावशींकडे आलेली बातमी मावशींकडे राहायची नाही. बुधवारी बायकांची प्रार्थनासभा भरायची, तिथं त्या आवाज खाली आणून म्हणायच्या, "प्रार्थनेत ठेवा म्हणून सांगते हं." या एका वाक्याच्या पांघरुणाखाली कितीतरी घरांतल्या गोष्टी त्या खोलीतून बाहेर पडल्या. मावशींच्या मनात खोट नव्हती, त्या खरंच प्रार्थनाही करायच्या. सात वर्षांपूर्वी मात्र एक गोष्ट फार महागात पडली. उपासनेत पेटी वाजवणाऱ्या माणसाची नोकरी गेली होती आणि आईला धक्का बसू नये म्हणून त्यानं ते घरात लपवलं होतं. मावशींनी भर सभेत त्याच्या नोकरीसाठी प्रार्थनेची विनंती मांडली. त्याची म्हातारी आई तिसऱ्या बाकावर बसली होती. दुसऱ्या आठवड्यापासून तो गावाच्या दुसऱ्या टोकाच्या देवळात जायला लागला. आई मात्र इथंच येत राहिली, त्याच तिसऱ्या बाकावर, आणि मावशींशी एक अक्षर बोलत नव्हती.

म्हणून त्या रविवारी नव्या पाळकसाहेबांनी साक्षीच्या कामासाठी मावशींचं नाव घेतलं तेव्हा बाकाबाकांतून माना वळल्या.

हे साक्षीचं काम म्हणजे त्या मंडळीची जुनी रीत. मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना तिथं 'वडील' म्हणतात, आणि वडील निवडायचा तर तो घरात कसा आहे, देवळात कसा आहे, एवढं बघून भागत नाही. बाहेरच्यांनी, म्हणजे ज्यांचा या मंडळीशी काडीचा संबंध नाही अशांनी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं लागतं. शिकवण फार जुनी, पण ती अक्षरशः अमलात आणायची टूम कुठल्या तरी मागच्या पाळकांची. मंडळीतल्या एकानं आठवडाभरात बाहेरच्या तिघांना विचारायचं आणि पुढच्या रविवारी उपासनेनंतर जे ऐकलं ते, गोड असो कडू असो, उभं राहून जसंच्या तसं सांगायचं. उमेदवार तेवढा वेळ मागच्या खोलीत. मग हात वर करून निवड. एरवी हे काम म्हणजे उपचारच. जाणारा दोन दुकानांत डोकवायचा आणि 'माणूस चांगला आहे' असं सांगून खाली बसायचा.

यंदाचे उमेदवार होते लाँड्रीवाले. साठीच्या अलीकडचे, सडपातळ, अंगाला वाफेचा आणि गरम इस्त्रीचा वास असलेले गृहस्थ. उपासनेला सगळ्यांच्या आधी यायचे, बाकं सरळ करायचे आणि बोलायचे इतकं कमी, की चारचौघांत त्यांनी प्रार्थना केल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. ज्येष्ठ वडील, कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, यांना तेच खटकत होतं. तोंड न उघडणारा माणूस मंडळीला कसा चालवणार, असं त्यांचं म्हणणं.

मावशी घरी आल्या त्या तरंगतच. सून भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "पाळकसाहेब नवीन आहेत, त्यांना माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"तुम्ही," सून म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

सोमवारी सकाळी मावशी कामाला लागल्या. पहिला माणूस पोस्टमन. तो म्हणाला, लाँड्रीवाले कपड्याच्या खिशात सापडलेली वस्तू पाकिटात घालून त्या कपड्यालाच टाचून देतात. त्याच्या शर्टात एकदा बायकोची चिठ्ठी राहिली होती, तीही तशीच आली. "वाचली असेल का हो?" मावशींनी विचारलं. पोस्टमन म्हणाला, "मी रोज शेकडो पत्रं वाटतो, मावशी. न वाचणाऱ्याचा हात ओळखता येतो." मावशींना हे उत्तर फार आवडलं.

दुसरा, लाँड्रीच्या बाजूला टपरीत बसून किल्ल्या करून देणारा. त्यानं आधी पुष्कळ कौतुक केलं. तुटलेली गुंडी न सांगता लावून देतात, डाग निघाला नाही तर नाही म्हणून सांगतात. मग कानस खाली ठेवून त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मावशींनी कान टवकारले. एकतीस वर्षांच्या अनुभवानं त्यांना माहीत होतं, की माणूस इकडंतिकडं बघतो त्याच्या पुढचंच वाक्य ऐकण्यासारखं असतं.

"एक ते दीड, रोज शटर अर्धं खाली," तो म्हणाला. "जेवणाची सुट्टी म्हणे. पण जेवण उरकतात बारालाच. आत एकटेच आकडे म्हणत असतात. तीनशे बारा, चारशे चाळीस, असे. लॉटरी हो, दुसरं काय? आमच्या चुलत्याचं असंच होतं. शेवटी घर गेलं."

तिसऱ्या, दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शिवणाच्या बाई. त्यांना मावशींनी आडून आडून विचारलं, तर त्यांनीच सरळ सांगितलं की मागच्या खिडकीतून आकडे वर ऐकू येतात, रोज, तेच तेच आकडे. बाई स्वभावानं भल्या. त्या म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे. एखादं व्यसन कुणाला नसतं?"

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. तीन साक्षी झाल्या होत्या, काम खरं तर संपलं होतं. रविवारी उभं राहून ऐकलं तेवढं सांगितलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण रोज तेच आकडे, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. लॉटरी लावणारा माणूस रोज आकडे बदलतो, निदान हरल्यावर तरी. मग हा काय प्रकार?

बुधवारी दुपारी सव्वाला त्या लाँड्रीसमोर उभ्या होत्या. गेली पाच वर्षं त्या या दुकानासमोरून जायच्या नाहीत, पलीकडच्या फुटपाथनं जायच्या. त्याचं कारण त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होतं, पण ते त्या कुणाला सांगत नसत. एवढी एकच गोष्ट त्यांनी आजवर पोटात ठेवली होती.

शटर कमरेपर्यंत खाली होतं. किल्लीवाला जेवायला गेलेला. मावशींनी पर्स छातीशी धरली, डावा गुडघा आधी टेकवला, मग उजवा, आणि मान वाकडी करून आत पाहिलं. दोन चपला दिसल्या. त्या मागच्या भिंतीच्या दांडीवर लटकलेल्या कपड्यांपुढून सावकाश सरकत होत्या. एक पाऊल, थांबायचं. एक पाऊल, थांबायचं. हात दिसत होता तेवढा. तो हँगरला टाचलेली चिठ्ठी दोन बोटांत धरायचा, नंबर म्हटला जायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग हात पुढच्या चिठ्ठीवर.

"एकशे अठ्ठावन्न," लाँड्रीवाले हळूच म्हणाले. एक शाळेतल्या पोराचा कोट होता, बाह्या आखूड. मग, "तीनशे बारा." एक जरीचा पोशाख, पिशवीतला. मग, "चारशे चाळीस."

चपला दांडीच्या टोकाशी आल्या.

"सातशे एकोणीस."

मावशींच्या हातून पर्स पडली.

सातशे एकोणीस हा नंबर त्यांना पाठ होता. चष्म्याचं फडकं काढताना रोज दिसायचा, पिवळ्या पडलेल्या पावतीवर. पाच वर्षांपूर्वी मावशींचे यजमान, बसचे ड्रायव्हर, पुतण्याच्या लग्नासाठी आपला करडा कोट स्वतः इथं टाकून गेले होते. कोट शनिवारी मिळायचा होता. ते गुरुवारीच गेले. लग्न झालं, वर्षं गेली, पण कोट आणायला मावशींचे पाय वळले नाहीत. आणला असता तर तो रिकामा आणावा लागला असता.

पर्स पडल्याचा आवाज ऐकून लाँड्रीवाले वळले. मावशींनी उठायचा प्रयत्न केला, पण उजवा गुडघा अडकला तो अडकलाच. लाँड्रीवाल्यांनी शटर वर ढकललं तेव्हा फुटपाथवर चौकशीमावशी रांगत्या मुलासारख्या बसल्या होत्या.

"ताई, काही हरवलं का?" त्यांनी विचारलं.

"गुडघा," मावशी म्हणाल्या.

त्यांनी हात देऊन उठवलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि शटर पुन्हा होतं तिथं आणलं. मावशींनी पहिल्या घोटाआधीच विचारलं, हे आकडे कसले, कारण न विचारता त्यांना घोट गिळवला नसता. लाँड्रीवाले आधी कानापर्यंत लाल झाले, मग इस्त्रीच्या टेबलाची कड पुसत तुटक तुटक सांगायला लागले.

मागची दांडी म्हणजे न नेलेले कपडे. सासऱ्यांकडून दुकान हाती आलं तेव्हाही होतेच. जागा अडते म्हणून एकदा ते सगळे काढून टाकायला बसले, तर पहिलाच हातात आला तो शाळेचा कोट. पोराचा कोट आईबाप विसरतील कसे? काहीतरी झालंच असणार. बदली झाली असेल, भांडण झालं असेल, त्याहून वाईटही असेल. टाकवेना. पावतीवर नाव नसतं, नुसता नंबर. मग त्यांनी नंबरच देवापुढं ठेवायला सुरुवात केली. त्याला बावीस वर्षं झाली.

"नंबर म्हणून पुढं काय म्हणता?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. मला काय माहीत त्यांना काय हवंय? त्याला माहीत असतं. मी आपला थोडा वेळ थांबतो आणि पुढं जातो."

मावशी दांडीच्या टोकाकडं बघत होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत करडा कोट होता, खांदे नीट, पिशवीवर धुळीचा कण नाही.

"सातशे एकोणीस कोणाचा, माहीत होतं तुम्हाला."

"हो. तो एकच माहीत आहे. तरी नंबरच म्हणतो. एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल."

"कधी बोलला नाहीत."

"पावती तुमच्याकडं आहे, ताई. बोलायचं ते तुम्ही."

मावशींनी चष्मा काढून पुसला. मग त्यांना आपलं काम आठवलं, आणि लोक लॉटरी म्हणतात हे त्यांनी सांगून टाकलं. लाँड्रीवाले हसले. गंमत वाटली त्यांना. पण मावशी पुढं म्हणाल्या की आता काळजी नको, रविवारी मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगते, ज्येष्ठ वडिलांचं तोंडच बंद होईल. तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"नका सांगू, ताई," ते म्हणाले. "एकदा सांगितलंत की उद्यापासून मी ते लोकांसाठी करायला लागेन. बरं दिसावं म्हणून आवाज काढीन. मला माझी खात्री नाही. वडील नाही झालो तर नाही झालो, ही अर्ध्या तासाची जागा राहू दे."

"आणि लॉटरी?"

"म्हणू देत."

मावशींनी कबूल केलं. रस्त्यावर आल्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय कबूल करून बसलो आहोत.

पुढचे साडेतीन दिवस त्यांचे कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. बुधवारच्या संध्याकाळी प्रार्थनासभेत कुणीतरी विचारलंच, काय मावशी, साक्ष गोळा झाली का? "प्रार्थनेत ठेवा म्हणून" एवढे शब्द तोंडात येऊन बसले. मावशींनी खोकला काढला. गुरुवारी दूधवाल्यापाशी असंच झालं. घरात त्या इतक्या गप्प राहिल्या की सुनेनं कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," ती म्हणाली, "मग भीती वाटते."

शुक्रवारी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. साहेब देवळाच्या मागच्या खोलीत खुर्चीवर चढून घड्याळाला चावी देत होते. मावशींनी फार लांबून विचारलं. समजा, एखादी गोष्ट सांगितल्यानं एखाद्याचं भलं होणार असेल, पण त्यानंच सांगू नका म्हटलं असेल, तर?

साहेब खुर्चीवरूनच म्हणाले, "भलं त्याचं होणार की सांगणाऱ्याचं?"

मावशींनी प्रामाणिकपणे विचार केला. सांगताना सगळे माना वळवून ऐकतील, ज्येष्ठ वडील वरमतील, आणि हे शोधून कुणी काढलं तर चौकशीमावशींनी. हे सगळं त्यांनी मनात तीनदा सजवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "अर्धं अर्धं."

"मग निम्मं अडचणीचं आहे," साहेब म्हणाले. त्यांनी गोष्ट कोणती ते विचारलं नाही, आणि न विचारता माणूस कसा राहू शकतो याचं मावशींना नवल वाटलं. दारापाशी थांबून त्यांनी आपला प्रश्न विचारलाच, की मला का निवडलंत? साहेब खाली उतरले. दुसऱ्या कुणी दारावरूनच साक्ष आणली असती, ते म्हणाले. मला खाली वाकून बघणारं माणूस हवं होतं. मावशींनी दचकून गुडघ्याला हात लावला. पण साहेबांना तसं काही माहीत नव्हतं, ते सहज बोलले होते.

रविवारी उपासना झाली. लाँड्रीवाले मागच्या खोलीत गेले आणि दार लागलं. मावशी उभ्या राहिल्या. एरवी पंधरा मिनिटांना न पुरणारं बोलणं त्यांनी दोन मिनिटांत केलं. पोस्टमन काय म्हणाला, किल्लीवाला काय म्हणाला, शिवणाच्या बाई काय म्हणाल्या, सगळं जसंच्या तसं. लॉटरीचंही, कारण रीतच तशी होती. देवळात कुजबुज उठली. ज्येष्ठ वडील उभे राहिले. त्यांच्या घराच्या कुलपाची किल्ली त्याच टपरीत झालेली, त्यामुळं त्यांच्या कानावर हे आधीच आलं होतं.

"मग हे खरं की खोटं?" त्यांनी विचारलं.

"लॉटरी खोटी. मी स्वतः जाऊन पाहिलं. आत वावगं काही चालत नाही."

"मग काय चालतं?"

"ते मी सांगणार नाही."

पहिल्या बाकावरची सून सासूकडं तोंड उघडं ठेवून बघत राहिली.

"सांगणार नाही म्हणजे?" ज्येष्ठ वडील म्हणाले. "माहीत नाही का?"

"सगळं माहीत आहे. सांगू नका म्हणाले, मी हो म्हटलं." मावशी खाली बसल्या नाहीत. "तुम्ही हात वर करा नाहीतर करू नका. मी सांगणार नाही."

आता हे प्रकरण इथंच फिसकटणार असं वाटत असताना तिसऱ्या बाकावरून काठीचा आवाज आला. पेटीवाल्याची आई उभी राहत होती. तिला उभं राहायला वेळ लागायचा, आणि सगळे थांबले. सात वर्षांत तिनं मावशींकडं थेट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"हिनं आजवर कुणाचं झाकून ठेवलेलं मी पाहिलं नाही," म्हातारी म्हणाली. "माझ्या घरचंही नाही. हिचं तोंड बंद करणारा हा पहिला माणूस. मंडळीला असाच वडील पाहिजे. माझा हात वर."

आधी मागच्या बाकांवर कुणीतरी फसकन हसलं, मग हसू सगळीकडं पसरलं. पाळकसाहेबांनी रुमालाआड तोंड लपवलं आणि शेवटी ज्येष्ठ वडिलांच्या मिशाही हलल्या. हात वर झाले. ज्येष्ठ वडिलांचा सर्वांत शेवटी झाला, पण झाला. दुपारच्या अर्ध्या तासाची खरी हकिगत मंडळीला कळली ती पुष्कळ वर्षांनी, आणि तीही लाँड्रीवाल्यांच्याच तोंडून, दुकान लेकीच्या हाती देताना. तोवर मावशींनी ती सुनेलाही सांगितली नाही, आणि सून त्याबद्दल त्यांना कधी माफ करणार नव्हती.

उपासनेनंतर पायरीवर म्हातारी आणि मावशी समोरासमोर आल्या. मावशींना पुष्कळ बोलायचं होतं, सात वर्षांचं. म्हातारीनं काठी त्यांच्या हातात दिली, स्वतः त्यांचा दंड धरला आणि म्हणाली, "फाटकापर्यंत सोड मला. आणि गप्प चाल."

सोमवारी दुपारी मावशी किल्लीवाल्याच्या बाकड्यावर येऊन बसल्या. शटर अर्धं खाली होतं. त्या दीड वाजायची वाट बघत होत्या. मांडीवर पिवळी पावती.

किल्लीवाला थोडा वेळ कानस घासत राहिला. मग त्याला राहवेना. "मावशी, तुम्ही आत जाऊन आलात म्हणे. कसले आकडे हो ते?"

"खिडकी बंद आहे," मावशी म्हणाल्या.

दीडला शटर वर गेलं. लाँड्रीवाल्यांनी पावती घेतली, पाहिली, आणि कोट आणला. बाहीला एक छोटं पाकीट टाचलेलं होतं. मावशींनी ते तिथंच उघडलं. आत पेपरमिंटच्या दोन गोळ्या होत्या, कागदाला चिकटून गेलेल्या. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर यजमानांनी शपथेवर सांगितलं होतं की एकही खात नाही, आणि तरी त्यांच्या श्वासाला वास कुठून येतो हे कोडं मावशींना शेवटपर्यंत सुटलं नव्हतं.

"लबाड," त्या म्हणाल्या, आणि कोट हातावर घेतला. वजन होतं त्याला, वाटलं होतं त्याहून जास्त. निघताना त्यांनी विचारलं, "आता सातशे एकोणीस म्हणायचं बंद करणार?"

"नंबर फिरून येतात, ताई. पुन्हा कुणाला तरी मिळेल. तो त्याचा कपडा घेऊन गेला, तर म्हणायची गरजच नाही."

"आणि नाही नेला तर?"

लाँड्रीवाल्यांनी दांडीच्या रिकाम्या टोकाकडं पाहिलं. मावशींनी उत्तराची वाट पाहिली नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्या कोट घेऊन बाहेर पडल्या आणि घरी जाताना दुकानाच्याच बाजूच्या फुटपाथनं गेल्या.